दोन कंपन्यांची एक होताना: कोणता कागद, कुठे, कधी?

एक कंपनी दुसरीत विलीन होते तेव्हा तिची जमीन, यंत्रे, कर्जे, करार आणि चालू खटलेही दुसरीच्या नावावर जातात आणि कायद्याच्या लेखी पहिली कंपनी उरत नाही. अशा वेळी छोटा भागधारक, उधारीवर माल दिलेला व्यापारी आणि कामगार यांचे काय होणार, हे आधी लेखी मांडावे लागते. विलीनीकरणासाठी लागणारी बहुतेक कागदपत्रे याच लोकांसाठी असतात.

यवतमाळ जिल्ह्यात एमआयडीसीतील खासगी कंपन्या आहेत, कापूस-सोयाबीनचा व्यवहार करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत आणि जुन्या सहकारी संस्थाही आहेत. तिन्हींची वाट वेगळी. संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, त्यावर अर्ज कुठे करायचा हे ठरते.

सर्वसाधारण कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ ची कलमे २३० ते २३२ लागू होतात. पूर्वी हे काम उच्च न्यायालयाकडे होते. डिसेंबर २०१६ पासून ते राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे (एनसीएलटी) गेले. नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ असले तरी या न्यायाधिकरणाचे महाराष्ट्रासाठीचे पीठ मुंबईत आहे. व्यवसाय वेगळा काढण्यालाही हीच कलमे लागतात. यवतमाळजवळ लोहारा एमआयडीसीत ज्या समूहाचा डेनिम कारखाना आहे, त्या रेमंडने २०२४ मध्ये आपला वस्त्र-परिधान व्यवसाय रेमंड लाइफस्टाइल या कंपनीकडे दिला, तोही मुंबई पीठाच्या मंजुरीनेच.

पहिला अर्ज एनसीएलटी-१ या नमुन्यात करतात. त्यासोबत विलीनीकरणाच्या योजनेचा मसुदा आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. कंपनीची ताजी आर्थिक स्थिती, लेखापरीक्षकांचा अहवाल आणि कोणती चौकशी चालू असल्यास तिची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते. हे पाहून न्यायाधिकरण भागधारक आणि धनको यांच्या सभा बोलावण्याचा आदेश देते. सभेची नोटीस किमान एक महिना आधी जाते. एका कंपनीच्या शेअरमागे दुसरीचे किती शेअर मिळणार, हे ठरवणारा मूल्यांकन अहवालही भागधारकाला मिळाला पाहिजे. प्राप्तिकर विभाग, कंपनी निबंधक, केंद्र सरकार आणि लागू असेल तिथे रिझर्व्ह बँक किंवा सेबी यांनाही कळवावे लागते. त्यांनी ३० दिवसांत काही म्हटले नाही, तर त्यांची हरकत नाही असे धरले जाते.

सभेत मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी, आणि मूल्याच्या हिशेबाने तीन चतुर्थांशांनी, होकार द्यावा लागतो. हरकत मात्र कुणालाही घेता येत नाही. त्यासाठी किमान १० टक्के शेअर किंवा एकूण थकीत कर्जाच्या किमान ५ टक्के येणे हवे. सभेचा अहवाल आल्यावर मंजुरीची याचिका दाखल होते. मंजुरी मिळाली की आदेशाची प्रमाणित प्रत ३० दिवसांत आयएनसी-२८ नमुन्यासह निबंधकाकडे द्यावी लागते.

लहान कंपन्या किंवा मूळ कंपनी आणि तिच्या पूर्ण मालकीची उपकंपनी यांच्यासाठी कलम २३३ चा जलद मार्ग आहे. त्यात न्यायाधिकरणाऐवजी प्रादेशिक संचालकाची मंजुरी घेतात, पण ९० टक्के शेअर असलेल्या भागधारकांची आणि मूल्याने नऊ दशांश धनकोंची संमती लागते. शिवाय दोन्ही कंपन्यांना देणी फेडण्याची ऐपत असल्याचे घोषणापत्र द्यावे लागते.

शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी कलम ३७८झेडएन आहे. समजा, दारव्ह्याच्या एका उत्पादक कंपनीकडे गोदाम आहे आणि दिग्रसच्या कंपनीकडे धान्य साफ करण्याचे यंत्र; दोघींना एक व्हायचे आहे. ठरावापूर्वी प्रत्येक सभासदाला आणि धनकोला प्रस्तावित ठरावाच्या प्रतीसह लेखी नोटीस द्यावी लागते. ज्याला हे पटत नाही, त्याच्या हातात नोटीस मिळाल्यापासून एक महिना असतो. तेवढ्यात सभासद संचालक मंडळाच्या मान्यतेने आपले शेअर दुसऱ्या सक्रिय सभासदाला देऊन बाहेर पडू शकतो. धनको आपली ठेव किंवा कर्जाऊ रक्कम परत मागू शकतो. महिनाभर गप्प बसला, तर त्याची संमती गृहीत धरतात. ठरावाने नाराज झालेला सभासद, धनको किंवा कर्मचारी ३० दिवसांत अपील करू शकतो.

सहकारी संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम १७ लागू होते. आधी सहकारी संस्थांच्या निबंधकाची पूर्वमान्यता, मग खास बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत. संस्था नागरी सहकारी बँक असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीशिवाय पुढे जाता येत नाही.

कंपनीच्या विलीनीकरणात मंजुरीनंतरही कामे उरतात. आदेशावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. न्यायालयाचा मंजुरी आदेश हाही शुल्कास पात्र दस्तऐवज आहे, हे हिंदुस्थान लिव्हर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केले. जमिनीचा सातबारा नव्या नावावर होण्यासाठी फेरफाराचा अर्ज, एमआयडीसीच्या भूखंडासाठी महामंडळाकडे अर्ज आणि जीएसटीची शिल्लक वजावट वळवण्यासाठी आयटीसी-०२ हा नमुना, हे ज्याचे त्याला करावे लागते.

नोटीस हाती आलेल्या सभासदाने तिच्यावरची तारीख पाहून मुदत मोजावी आणि हरकत असेल तर लेखी द्यावी. मुदत संपल्यावर तोंडी तक्रारीला अर्थ उरत नाही.