काचेच्या कपाटातली चिठ्ठी

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी आमच्या वर्गाने घरोघरच्या वस्तूंचे एक छोटेसे प्रदर्शन भरवले होते. कोणी समई आणली, कोणी अडकित्ता. एका बंजारा मैत्रिणीने आरशांचे भरतकाम केलेली ओढणी आणली. मी शेजारच्यांच्या टेम्पोतून आजीचे जाते आणले. अक्षर बरे म्हणून चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. जात्यापुढे मी लिहिले, 'धान्य दळण्याचे प्राचीन साधन'.

आजी प्रदर्शन पाहायला आली. तिला वाचता येत नाही. चिठ्ठीकडे बोट करून म्हणाली, "काय लिवलंस रं?" मी वाचून दाखवले. "प्राचीन म्हंजे?" "लई जुनं." "जुनं कुठलं? दिवाळीच्या आधी हरभरा भरडला की मी त्याच्यावर!"

सारे हसले, मीही हसलो. पण ती चिठ्ठी मनातून जाईना. त्यातच वस्तू मांडायच्या कशा यावरून आमच्यात वाद झाला होता. जाते, पाटा, उखळ असे एका कामाचे सारे एकत्र ठेवायचे, की एकेका घरचे एकत्र? तेव्हा आमच्या सरांनी सांगितले की याच प्रश्नावर ऑक्सफर्ड विद्यापीठाचे एक अख्खे संग्रहालय उभे आहे, त्याविषयी वाचा. ते पिट रिव्हर्स संग्रहालय मी पाहिलेले नाही. पण ग्रंथालयात बसून जे वाचले आणि जी छायाचित्रे पाहिली, त्यावरून हा लेख लिहीत आहे.

जनरल पिट-रिव्हर्स हा इंग्रज लष्करी अधिकारी. लष्करात बंदुकांच्या चाचण्या घेण्याचे काम करताना त्याच्या लक्षात आले की नवी बंदूक एकदम जन्माला येत नाही. जुनीत थोडा थोडा फरक होत ती घडते. मग त्याला वाटले, माणसाच्या साऱ्याच वस्तूंचे असे असेल. त्याने जगभरच्या वस्तू जमवल्या आणि 1884 मध्ये तो संग्रह विद्यापीठाला दिला. देताना अटी घातल्या. मानववंशशास्त्र शिकवणारा अध्यापक नेमायचा (ते काम एडवर्ड टायलर यांच्याकडे आले) आणि मांडणीची आपली पद्धत ठेवायची.

ती पद्धत अशी की, कपाट देशाचे नव्हे, वस्तूचे. मुखवट्यांचे एक कपाट, कुलपांचे दुसरे, वाद्यांचे तिसरे. त्यात आफ्रिका, आशिया, युरोप सारे शेजारी शेजारी. आजही तेथे बहुतांशी हीच मांडणी आहे. पहिले क्युरेटर हेन्री बालफोर यांच्या काळातल्या, शाईने बारीक अक्षरात लिहिलेल्या कित्येक चिठ्ठ्याही वस्तूंना तशाच बांधलेल्या आहेत.

मला ही पद्धत प्रथम फार आवडली. तिच्यात एक प्रकारची समता आहे. साहेबाच्या देशातली वस्तूही वेगळ्या दालनात मिरवत नाही. ससेक्स परगण्यातली एक चंदेरी काचेची बाटली तेथे आहे. तिच्यात चेटकीण कोंडली आहे असे सांगत. अंगारे-धुपारे फक्त आपल्याकडेच असे मानणाऱ्यांनी ती अवश्य पाहावी!

परंतु जनरलसाहेबांचा हेतू समतेचा नव्हता. 1875 मध्ये त्यांनी एक आकृती छापली. मध्यभागी साधी काठी, आणि तिच्यापासून चहूकडे फुटत गेलेल्या बूमरँग, ढाल, सोटा अशा ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या वस्तू. मौज अशी की या वस्तू त्या वेळी वापरात असलेल्या लोकांच्या होत्या. त्यांना 'आरंभीची पायरी' म्हणून मांडले की ते लोकही पायरीवरच राहिले. वरच्या टोकाला अर्थातच इंग्लंड. काठीला काठी जोडून त्यांनी माणसांची उतरंड रचली. माझ्या 'प्राचीन' या शब्दाने आजीचे तेच केले होते.

आज संग्रहालय हा सिद्धांत मानत नाही, आणि जुन्या चिठ्ठ्यांतले शब्दही तपासले जात आहेत. 2020 मध्ये त्यांनी प्रदर्शनातील मानवी अवशेष काढून घेतले. दक्षिण अमेरिकेतील शुआर लोकांकडची, आकसवलेली माणसांची मुंडकी त्यांत होती. ती पाहायला गर्दी होई. लोक ती पाहून काही शिकत नाहीत, उलट त्या समाजाला रानटी समजून परत जातात, असे संग्रहालयाला दिसून आले. आपल्या देशाचाही येथे संबंध आहे. हटन आणि मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नागा टेकड्यांतून जमवलेला फार मोठा संग्रह या संग्रहालयात आहे. त्यातील पूर्वजांचे अवशेष मायभूमीत परत आणण्यासाठी नागा मंडळी काही वर्षे बोलणी करीत आहेत; 2025 मध्ये त्यांचे प्रतिनिधी ऑक्सफर्डला गेले होते.

मला सर्वांत भावली ती पेटीची हकीकत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैदा लोक देवदाराच्या जातीच्या लाकडाची एकच फळी खाचा पाडून, वाफ देऊन वाकवतात, आणि तिच्याच चार बाजू करून पेटी बनवतात. बाहेरून सुरेख कोरीव काम. अशी एक जुनी थोरली पेटी ऑक्सफर्डला आहे. 2009 मध्ये हैदा मंडळी तेथे गेली आणि पूर्वजांच्या वस्तू त्यांनी कपाटाबाहेर, स्वतःच्या हातांत घेऊन पाहिल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या एका पूर्वजाचे अवशेष परत देण्यात आले. 2014 मध्ये दोन हैदा कारागीर भाऊ संग्रहालयात जाऊन बसले आणि त्या पेटीसमोर तिची जोडीदार कोरू लागले. कोरणाऱ्याचा हात कोठून कसा वळला हे खाचेवरून खाच बघत ते शिकले, आणि नवी पेटी मायदेशी घेऊन गेले. जुनी मात्र ऑक्सफर्डलाच राहिली. हे पुरेसे झाले का? मला तसे वाटत नाही. पण निदान त्या कपाटापाशी उभे राहून बोलणारा माणूस आता निराळा होता.

असो. यंदाही प्रदर्शन भरले. मांडणीचा वाद मिटला नाही, म्हणून अर्ध्या वस्तू कामाप्रमाणे आणि अर्ध्या घराप्रमाणे ठेवल्या. ते दिसायला फारसे बरे दिसले नाही. या खेपेस मी चिठ्ठी लिहिण्याआधी आजीपाशी बसलो. जाते कोणत्या वर्षी घेतले, टाकी लावायला कोण येई, पहाटे जोडीला कोण बसे, कोणत्या सणाला ते अजून फिरते, असे ती सांगत गेली. पुठ्ठा पुरला नाही. दुसरा जोडावा लागला.