मिऱ्यातील पायपरीन : रसशाळेतून प्रयोगशाळेकडे

त्रिकटु चूर्ण तयार होत नाही अशी आयुर्वेदीय औषधिशाळा विरळाच. काही वर्षांपूर्वी आमच्या औषधिशाळेत दळलेल्या मरिचाचा एक गट आला. रंग उत्तम, सोबत पुरवठादाराचे चाचणी प्रमाणपत्रही होते. चव मात्र पुचाट वाटली. पुन्हा प्रमाणपत्र पाहिले तेव्हा लक्षात आले, की त्यात आर्द्रता व राखेचे प्रमाण दिले होते. अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या सत्त्वाचा रकानाच नव्हता. ओलिओरेझिन काढून घेतलेला मिऱ्याचा चोथा याच रकान्यात उघडा पडतो.

सन २००० मध्ये शेड्यूल टी लागू झाल्यापासून गुणनियंत्रणाची सोय स्वतःच्या जागेत अथवा शासनमान्य प्रयोगशाळेमार्फत करणे उत्पादकास बंधनकारक झाले. परंतु चाचणी बाहेरून करून घेतली तरी अहवालाखाली सही आपलीच असते. तो वाचता यावा यासाठी सेंद्रिय रसायनशास्त्रातील चार मूलभूत क्रिया प्रत्येक वैद्याने एकदा तरी स्वहस्ते कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. स्नेहपाकात कल्काची वर्ती बोटांना कळावी लागते. येथेही तसेच आहे.

१) निष्कर्षण : मिऱ्याचे ५ ग्रॅम भरड चूर्ण बुचाच्या शंकुपात्रात १०० मिली अल्कोहोलमध्ये घालावे. सहा तास वारंवार हलवून पुढे अठरा तास स्थिर ठेवावे. त्वरित गाळून त्यातील २५ मिली द्राव आधी वजन केलेल्या सपाट बशीत आटवावा व १०५ अंश सेल्सिअसला वाळवून वजन करावे. या २५ मिलीत १.२५ ग्रॅम चूर्णाचे सत्त्व असते. आमच्या संशयित चूर्णाचा अवशेष ०.०३ ग्रॅम, म्हणजे २.४ टक्के भरला. खात्रीच्या मिऱ्याचा ०.११ ग्रॅम, म्हणजे ८.८ टक्के. गट परत पाठविला.

२) स्फटिकीकरण : मिऱ्यातील तिखट घटक पायपरीन होय. तो १८१९ साली डॅनिश शास्त्रज्ञ हान्स ख्रिस्तियान अर्स्टेड यांनी वेगळा केला. शिकण्यासाठी २० ग्रॅम चूर्ण ९५ टक्के अल्कोहोलसह गोल बुडाच्या चंबूत, वर उभा कंडेन्सर लावून, वॉटर बाथवर दोन तास उकळावे. द्राव उसळू नये म्हणून चंबूत आधीच चिनी मातीचे दोन-तीन तुकडे टाकावेत. गाळून, आटवून, त्यात अल्कोहोलमध्ये केलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे १० टक्के द्रावण मिसळावे. आम्लधर्मी राळ खाली बसते. क्षार घातल्यावर मात्र फार वेळ उकळू नये, अन्यथा पायपरिनाचेच विघटन होते. वरचा स्वच्छ द्राव निथळून रात्रभर झाकून ठेवावा. पिवळसर सुया दिसू लागतात. खडीसाखरेप्रमाणेच येथेही घाई केल्यास खडा शुद्ध होत नाही. द्राव सावकाश निवू द्यावा.

३) द्रवणांक : वाळलेले स्फटिक बारीक करून एका टोकाला बंद केलेल्या केशनलिकेत भरावेत व तापमान हळूहळू वाढवावे. शुद्ध पायपरीन सुमारे १२८ ते १३० अंश सेल्सिअसला वितळते. वितळण्यास आधीच सुरुवात होऊन ती बऱ्याच अंशांपर्यंत लांबली, तर पदार्थ अशुद्ध किंवा ओला आहे असे समजावे.

४) पातळ थर क्रोमॅटोग्राफी : सिलिका जेलच्या पट्टीवर, तळापासून सुमारे एक सेंटिमीटर वर, नमुना, खात्रीचे मिरे व प्रमाणित पायपरीन यांचे सूक्ष्म ठिपके शेजारीशेजारी द्यावेत. टोल्युईन व इथिल अॅसिटेट ७:३ प्रमाणात घेऊन पट्टी त्यात उभी करावी. ठिपके द्रवात बुडू देऊ नयेत. ठिपक्याने कापलेल्या अंतराला द्रावकाने कापलेल्या अंतराने भागले की आरएफ मूल्य मिळते. ते हवामान व पट्टीनुसार थोडे बदलते. म्हणून पुस्तकातील आकड्यापेक्षा त्याच पट्टीवरील प्रमाणित ठिपक्याशी तुलना करावी.

निष्कर्षांची मर्यादा : पायपरिनाचा ठिपका दिसला म्हणजे मिरे शुद्ध, असे मात्र नव्हे. पपईचे बी मिसळलेल्या मिऱ्यातही तो दिसतोच. पिंपळीतही पायपरीन असते. म्हणून सत्त्वाचे प्रमाण, ठिपक्यांचा संपूर्ण पट, सूक्ष्मदर्शकाखालील रचना आणि रस-गंध यांचा एकत्र विचार करावा. पायपरीन म्हणजे मरिच नव्हे, हे वैद्यांना सांगणे नलगे. रसायनशास्त्र द्रव्याचे गुणकर्म सांगत नाही. ते द्रव्य खरे आहे काय, एवढे तपासण्यास साहाय्य करते.

सावधगिरी : अल्कोहोल व टोल्युईनजवळ उघडी ज्योत नसावी. खेळती हवा, चष्मा व हातमोजे आवश्यक. अतिनील दिव्याकडे थेट पाहू नये. अल्कोहोलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम पाळावेत. प्रयोगातील स्फटिक औषधात वापरू नयेत.

नवशिक्याने हे प्रयोग जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या जाणकार प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करावेत आणि प्रत्येक वजन त्याच वेळी वहीत नोंदवावे. आमच्या बाबतीत प्रथम जिभेने सांगितले आणि तराजूने दुजोरा दिला. दोन्ही साक्षी हाताशी असतील, तर रुग्णाच्या हाती चोथ्याचे चूर्ण जाणार नाही.