इंजिन मागे, जागा पुढे : छोट्या मोटारींची वेगळी रचना

जपानमधील 'केई' वर्गातील मोटारीसाठी ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन ही कमाल मर्यादा आहे. एवढ्या लांबीत इंजिन पुढे बसविल्यास प्रवाशांची जागा आणि धडकेचा आघात शोषणारा पुढचा भाग यांपैकी एकाला तरी कात्री लागते. मित्सुबिशी कंपनीने जानेवारी २००६ मध्ये आणलेल्या 'आय' या मोटारीत हा पेच इंजिनच मागे नेऊन सोडविण्यात आला.

मध्य-इंजिनाची कल्पना या वर्गात नवी नव्हती. होंडाच्या १९९१ च्या 'बीट' मोटारीत इंजिन आसनांच्या मागेच होते. मात्र तिच्यात दोघांनाच बसता येत असे. 'आय'मध्ये ६५९ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन ४५ अंशांत मागे कलवून सामानकक्षाच्या तळाखाली, मागील आसाच्या थोडे पुढे बसविले होते. त्यामुळे चार आसने कायम राहिली. पुढचा भाग मोकळा झाल्याने चाके टोकांकडे सरकली आणि ३.३९५ मीटर लांबीच्या गाडीत पुढील व मागील आसांमधील अंतर २.५५ मीटर झाले.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. भार मागे असल्याने वळणावर गाडीचा मागचा भाग घसरण्याचा संभव असतो आणि सामान्य चालकाला ती सावरणे अवघड जाते. म्हणून पुढे १४५, तर मागे १७५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले गेले. पकड सुटलीच तर ती आधी पुढच्या चाकांची सुटावी, हा हेतू. शिवाय सामानकक्षाचा तळ उंच होतो आणि इंजिन दुरुस्त करायचे तर आधी सामान उतरवावे लागते.

भारतात टाटा मोटर्सने २००८ मध्ये सादर केलेल्या, ३.१ मीटर लांबीच्या 'नॅनो'चे इंजिनही मागे होते आणि तिचेही मागील टायर अधिक रुंद होते. मागचे दार मात्र सुरुवातीला उघडतच नसे. ही सोय २०१५ मध्ये आली. 'नॅनो'चे उत्पादन २०१८ मध्ये थांबले.

'आय'च्या सांगाड्याचा खरा लाभ पुढे दिसला. २००९ च्या 'आय-मीव्ह' या विद्युत मोटारीत इंजिनाच्या जागी विद्युत मोटर बसली आणि दोन आसांमधील लांब तळाखाली १६ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी मावली. चारही आसने तशीच राहिली.