सोनेरी सांधा

फुटकी कपबशी आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. पत्नीचा आवडता कप मात्र माझ्याच रागापायी फुटला, म्हणून तुकडे टाकवेनात. मुलाकडे क्योटोला गेलो, तेव्हा ते बरोबर नेले आणि तिथे 'किन्त्सुगी' शिकायला बसलो.

किन्त्सुगी म्हणजे सोन्याचा सांधा. पण खरे सांधतो तो उरुशी झाडाचा चीक. सोन्याची पूड शेवटी, वरून. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातले, चीकही तसाच उततो. माझे मनगट आठवडाभर सुजले होते. गंमत म्हणजे हा चीक उन्हात वाळत नाही. त्याला दमट हवा लागते. गव्हाच्या पिठात कालवून तुकडे जोडायचे, ओलसर पेटीत ठेवायचे आणि आठवडेच्या आठवडे थांबायचे.

थांबता थांबता बँकेतली खातेवही आठवली. तिथे खाडाखोड चालत नसे. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. चूक वाचता आली पाहिजे, हा नियम. तो मी वहीत जन्मभर पाळला. घरात मात्र दर वेळी गुपचूप नवा कप आणला.

आता कपावर सोनेरी रेघ आहे. पत्नी त्यातून चहा घेत नाही. पण फडताळात तिने तो पुढेच ठेवला आहे.