सदाफुली उन्हानं नाही, साचलेल्या पाण्यानं मरते. काळ्या जमिनीच्या अंगणात ती अशी लावा

नाचणगाव (ता. देवळी) : ओट्याच्या फटीत, सिमेंट नालीच्या कडेला किंवा पडक्या भिंतीच्या विटांत आपोआप उगवलेली सदाफुली कुणी पाहिली नाही असं होणार नाही. तिला कुणी पाणी घालत नाही, खत देत नाही, तरी मे महिन्यात ती फुलांनी भरलेली असते. तीच सदाफुली हौसेनं उपटून अंगणातल्या वाफ्यात लावली, रोज बादलीभर पाणी दिलं, की श्रावण-भादव्यात काळी पडून मरते. मग लोक म्हणतात, "आमच्या हाताला फूल लागत नाही." खरं कारण हाताचं नाही, जमिनीचं आहे.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. वाळूच्या आणि खडकाळ जागी वाढणारं हे झाड. फटीतल्या झाडाला माती कमी मिळते, पण पडलेलं पाणी लगेच खाली निघून जातं आणि मुळांना हवा लागते. नाचणगाव, पुलगाव, देवळी पट्ट्यातली काळी भारी जमीन याच्या अगदी उलट. ती पाणी धरून ठेवते. कपाशीला ते बरं, पण सदाफुलीच्या मुळांभोवती आठ-आठ दिवस पाणी राहिलं की ती सडतात. वर्धा जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. म्हणजे हे झाड ४५ अंशाच्या उन्हात टिकतं आणि ऑगस्टच्या झडीत जातं.

संत्र्याच्या डिंक्याचीच भाऊबंद

पावसाळ्यात शेंड्याकडून काळी पडत खाली येणारी मर बहुतेक वेळा फायटोप्थोरा किंवा पिथियम या बुरशींमुळे होते. आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या संत्रा बागायतदारांना फायटोप्थोरा नवी नाही. संत्र्याला डिंक्या लावणारी बुरशी याच घराण्यातली. तिथेही पहिला इलाज तोच, झाडाच्या बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही. सदाफुलीची रोपं फुकटात उगवतात, त्यामुळे फवारणीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. जागा नीट केली तर फवारणीची वेळच सहसा येत नाही.

खड्डा नको, ओटा करा

इथेच बहुतेकांचं चुकतं. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात रेती आणि शेणखत भरलं, तर वरून माती भुसभुशीत दिसते, पण चारही बाजूंनी चिकण माती असल्यानं तो खड्डा वाटीसारखा होतो. आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं. त्यापेक्षा जमीन थोडी उकरायची आणि वर विटांची किंवा दगडांची कड लावून ६ ते ९ इंच उंच वाफा करायचा. भरायला एक भाग घरची माती, एक भाग बारीक मुरूम किंवा रेती आणि थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत पुरतं. विटांच्या मध्ये पाणी निघायला फटी ठेवा. कड सिमेंटनं लिंपून टाकली तर पुन्हा हौदच तयार होईल.

जागा उन्हाची हवी, दिवसातून निदान पाच-सहा तास. निंबाच्या गर्द सावलीत झाड उंच होतं, लोंबतं आणि फुलं कमी देतं. न्हाणीचं किंवा मोरीचं पाणी या वाफ्यात अजिबात सोडू नका. त्या पाण्यावर केळी, कर्दळ, धोपा लावा. सतत ओल त्यांना मानवते.

भिंतीला अगदी खेटून दाट झुडूप केलं तर विंचू-सापाची भीती राहते, आणि गावातल्या बायांची ही तक्रार खोटी नाही. म्हणून भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून पट्टा करावा आणि झाडं फूटभराच्या वर जाऊ देऊ नयेत.

बी कुठून आणायचं?

विकत आणायची गरज नाही. फूल गळल्यावर त्या जागी बारीक, उभ्या शेंगांची जोडी येते. ती हिरवी असताना तोडू नका, पार वाळू देऊ नका. वाळली की उकलून बी सांडते आणि मुंग्या घेऊन जातात. शेंग पिवळसर पडली की तोडून कागदावर सावलीत ठेवा. बी काळी, राजगिऱ्यापेक्षा थोडी मोठी असते.

एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. सदाफुलीची बी अंधारात चांगली उगवते. वर नुसती भुरभुरून सोडली तर उगवण कमी होते. पाव इंच मातीनं झाकावी, वरून ओलं पोतं टाकावं आणि कोंब दिसताच पोतं काढून घ्यावं. ऊब असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब येतात, थोडे जास्त दिवसही लागतात. पोतं काढायला उशीर झाला तर रोपं पांढरी, लांबट होऊन लोळतात.

नर्सरीत मोठ्या फुलांची, वेगवेगळ्या रंगांची संकरित रोपं मिळतात. दिसायला देखणी, पण त्यांच्या बियांपासून तोच रंग येईल याची खात्री नाही. कपाशीच्या संकरित सरकीचं जसं, तसंच हे. ज्याला रंग तोच हवा त्यानं कोवळ्या शेंड्याची चार-पाच इंचाची कलमं लावावीत. नाहीतर गावातलीच गुलाबी आणि पांढरी सदाफुली उत्तम. जी फटीत जगली ती कुठेही जगेल.

केव्हा लावायची?

ऑगस्टमध्ये पत्र्याच्या किंवा छपराच्या आडोशाला पिशव्यांत रोपं करायची आणि दसऱ्याच्या सुमारास, परतीचा पाऊस संपला की, वाफ्यात लावायची. झडीचा धोका टळतो आणि उन्हाळा लागेपर्यंत मुळं खोल जायला चार-पाच महिने मिळतात. जूनमध्ये लावायचीच असेल तर वाफा उंच असणं गरजेचं. एप्रिल-मेत मात्र लावू नये. उन्हाला टिकणारं झाड म्हणजे मुळं धरलेलं झाड. नुकतं लावलेलं रोप पऱ्हाटीचं असो की सदाफुलीचं, ते उन्हात करपणारच.

दोन रोपांत एक फूट अंतर ठेवलं तर १० फूट लांब, ३ फूट रुंद पट्ट्याला ३० रोपं लागतात. रोप चार-पाच इंचाचं झालं की शेंडा खुडायचा. नव्या फांद्या आल्या की त्यांचेही शेंडे एकदा खुडायचे. जीव दुखतो, कारण पहिली फुलं जातात. पण हे केलं नाही तर झाड काडीसारखं वर जातं आणि जमीन उघडीच राहते. खुडलेली झाडं एकमेकांत मिसळून जमीन झाकतात, मग अंगणाचा धुरळा बसतो आणि पावसात भिंतीवर चिखलाचे शिंतोडे उडत नाहीत.

पाणी किती?

पहिले तीन आठवडे एक दिवसाआड. पुढे हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा पुरे. एप्रिल-मेत कडक उन्हातल्या वाफ्याला आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, बुडाशी. त्या दिवसांत वर सोयाबीनच्या कुटाराचा पातळ थर टाकला तर ओल टिकते आणि माती भेगाळत नाही. भेगा पडल्या की मुळं तुटतात. पण मृगाच्या आधी कुटार काढून टाका, नाहीतर तोच थर पावसाळ्यात बुड ओलं ठेवतो. उधळीचा त्रास असेल तिथे कुटार नकोच.

दुपारी पानं माना टाकतात म्हणून धावत पाणी देऊ नका. उन्हातून वाचायची ती झाडाची रीत आहे, संध्याकाळी पानं पुन्हा उभी होतात. सकाळी पाहा. सकाळी पानं ढिली आणि माती कोरडी असेल, तर पाणी द्या. सकाळी पानं ढिली आणि माती ओली असेल, तर मुळं सडायला लागली आहेत. पाणी बंद करा आणि मेलेली झाडं उपटून टाका. हा एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मी झाडं वाचतात.

युरिया टाकण्याचा मोह टाळा. पाला भरपूर येतो, फूल कमी येतं आणि कोवळा पाला लवकर सडतो. वर्षातून एकदा मूठभर जुनं शेणखत बस. आणि ज्या पंपानं वावरात तणनाशक मारलं तो पंप नुसता विसळून अंगणातल्या फुलांवर वापरू नका.

झाडं दोन-तीन वर्षांत बुडाशी लाकडी होऊन विरळ पडतात. वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या शेवटी, एक तृतीयांश छाटणी करावी. पार जुनी झालेली काढून बुडाशी आपोआप उगवलेली रोपं ठेवावीत.

एखाद्या झाडाची पानं अगदी बारीक होऊन गुच्छ झाला, फुलंही हिरवी यायला लागली, तर ते खताची कमी म्हणून सोडून देऊ नका. वांग्यावर येणाऱ्या पर्णगुच्छासारखाच हा रोग आहे आणि तुडतुडे तो पसरवतात. त्याला औषध नाही, झाड उपटून जाळणं हाच उपाय. शंका असेल तर फांदी पिशवीत घालून सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येते.

बकरी खात नाही, माणसानंही खाऊ नये

कुंपण नसलेल्या अंगणात सदाफुली टिकते ती तिच्या कडू चिकामुळे. कण्हेर आणि रुईच्या कुळातलं हे झाड आहे, बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत. पण छाटलेला पाला गव्हाणीत किंवा कुटारात जाऊ देऊ नका. वाळलेला, मिसळलेला पाला जनावराला ओळखू येत नाही.

आता महत्त्वाचं. "रोज सकाळी सदाफुलीची चार पानं खा, शुगर जाते" असे मेसेज मोबाईलवर फिरत असतात. या समजुतीला जुना इतिहास आहे. वेस्ट इंडिजमधल्या जमैकात लोक शुगरसाठी या पानांचा चहा पीत. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या संशोधकांनी ती पानं तपासली. उंदरांची शुगर काही उतरली नाही, पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कमी झाल्या. त्यातूनच व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध सापडलं आणि त्यापाठोपाठ दुसऱ्या संशोधकांनी व्हिनक्रिस्टिन शोधलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिनक्रिस्टिन आजही दिलं जातं.

म्हणून पानात औषध आहे हे खरं. पण ते इतकं थोडं आहे की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेला पाला लागतो, आणि ते शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून द्यावं लागतं. पान चावून कॅन्सर बरा होत नाही. उलट पांढऱ्या पेशी घटल्या तर साधा ताप अंगावर येतो. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वरून पानं खाल्ली आणि शुगर एकदम खाली गेली, तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. गरोदर बाईनं तर हात लावू नये. कुणी आधीपासून खात असेल तर सेवाग्राम, सावंगी किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं, लपवू नये. छाटणी झाल्यावर हात साबणानं धुवावेत आणि लहान लेकरांना पानं-शेंगा तोंडात घालू देऊ नयेत.

याच औषधाच्या नावानं "एकरी लाखो रुपये" सांगणारे व्हिडिओही येतात. औषध कंपन्यांसाठी देशात सदाफुलीची शेती होते, हे खरं आहे. पाला आणि मुळं दोन्ही विकली जातात. मुळांतून रक्ताभिसरणाच्या औषधाचा घटक काढतात. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेनं 'निर्मल' आणि 'धवल' ही वाणंही दिली आहेत. पण पुलगावच्या बाजारात किंवा देवळीच्या बाजार समितीत सदाफुलीच्या पाल्याचा भाव लागत नाही. खरेदीदाराशी भाव, माल किती आणि पैसे केव्हा हे लिहून घेतल्याशिवाय वावरात एक ओळही लावू नये. रोपं विकणारा आणि माल घेणारा एकच असेल, तर रोपांचे पैसे देण्याआधी त्यानं मागच्या हंगामात ज्यांचा माल घेतला अशा दोन-तीन शेतकऱ्यांशी बोलून घ्यावं.