दुभत्याच्या गोठ्यांतील गोऱ्ह्यांचें मोल

देवळा व कळवण भागांत कांद्याच्या जोडीस दुभतें हा चांगला आधार खरा. परंतु संकरित गायीस गोऱ्हा झाला कीं धनी चिंतेंत पडतो. कालवडीस गिऱ्हाईक मिळतें, गोऱ्ह्यास मिळत नाहीं. संकरित बैलास वशिंड नांवापुरतें असल्यानें जूं नीट बसत नाहीं, उन्हांतही तो लवकर दमतो. शिवाय नांगरट आतां ट्रॅक्टरनें होते. गाय व वासरें यांच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्यानें बंदी होतीच. मार्च २०१५ पासून ती बैल व वळू यांसही लागू झाली.

आतां खर्चाचा हिशेब पाहावा. वासरास वजनाच्या दशांश दूध लागतें. तीस किलोच्या वासरास रोज ३ लिटर, म्हणजे तीन महिन्यांत २७० लिटर. लिटरास ३० रुपये भाव धरिल्यास ८,१०० रुपये झाले. म्हणून कित्येक जण गोऱ्ह्यास चीकही पुरा पाजीत नाहींत व पुढें त्यास मोकाट सोडितात. हें निंद्य होय.

उपाय गाय फळविण्यापूर्वींच योजावा. लिंगनिर्धारित रेतमात्रेनें शेंकडा नव्वदच्या सुमारास कालवडी होतात. डांगी गायीस डांगी वळूच दाखवावा. त्या गोऱ्ह्यास इगतपुरीकडील भातखाचरांत अद्याप काम आहे. जन्मलेल्या गोऱ्ह्यास मात्र तासाभरांत चीक पाजावाच. सशक्त जनावरासच कधीं तरी गिऱ्हाईक लाभतें.