पऱ्हाटीला बांधलेली गाठ

डोमकळी कशी ओळखायची, हे विदर्भातल्या कापूसवाल्याला सांगावं लागत नाही. कपाशीचं फूल उमलतच नाही, पाकळ्या एकमेकींत गुरफटून राहतात. उकलून पाहिलं, की आतून रेशमी धाग्यांनी शिवलेलं दिसतं आणि मधोमध अळी. हे निदान नजरेला पडतं तरी. पुढच्या पिढीची गुलाबी बोंडअळी थेट हिरव्या बोंडात शिरते, तिच्यामागे छिद्र बुजतं आणि बोंड वरून धडधाकट दिसत राहतं. मग कितीही फवारा, औषध आत सरकीपर्यंत पोचत नाही.

2002 मध्ये बोंडअळीविरुद्धचा बीटी कापूस आला, 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण. अळीने दोन्ही जनुकं पचवली. 2017 च्या हंगामात तिने महाराष्ट्रात कापसाची वाताहत केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पंप पाठीवर घेऊन पिकात शिरणाऱ्या माणसाचा विचार केला, की पऱ्हाटीला कामगंधाची दोरी बांधायचा उपाय मला फार मोलाचा वाटतो.

या अळीचा पतंग जेमतेम सेंटिमीटरभर, राखाडी-तपकिरी. रात्री मादी गंध सोडते. नर तो मिशांनी टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने तिचा माग काढत जातो. या गंधाची नेमकी रासायनिक ओळख 1973 मध्ये पटली: एकाच संयुगाची दोन रूपं, जवळजवळ निम्मी-निम्मी. नाव गॉसिप्ल्यूर. शेतातल्या कामगंध सापळ्यात याचीच ल्यूर असते. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली असं समजतात. हा झाला पहारा.

दोरीचं काम वेगळं. वीतभर लांबीची प्लॅस्टिकची बारीक नळी, तिच्यात तोच गंध. पाती लागायच्या सुमारास मजूर ती झाडाच्या शेंड्याजवळ सैल पीळ देऊन बांधतात, म्हणजे खोड वाढताना आवळत नाही. एकरी अशा दीड-दोनशे गाठी. गंध महिनोन्‌महिने हळूहळू झिरपतो आणि सगळं शेतच मादीसारखं दरवळतं. नराला खरी मादी सापडत नाही. मीलन नाही, म्हणून फळणारी अंडी नाहीत. पतंग मरत नाही, आणि इतर जातींना हा गंध सहसा भुलवत नसल्यामुळे मित्रकीटकांनाही धक्का लागत नाही.

दोरी स्वस्त नाही, पण खरी अडचण धुऱ्यावर आहे. शेजारच्या शेतात मीलन उरकून आलेल्या मादीला या गंधाचं काही सोयरसुतक नसतं. ती येते आणि शे-दोनशे अंडी घालून मोकळी होते. अमेरिकेत ॲरिझोनाच्या पार्कर खोऱ्यात 1990 पासून सगळ्या शेतांत मिळून गंध वापरला, तेव्हा चार हंगामांत बोंडांतली अळी दिसेनाशी झाली. पुढे बीटी कापूस आणि वांझ पतंगांची जोड मिळून 2018 मध्ये अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांतून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे दोन-चार एकरांचे तुकडे, प्रत्येकाची लावणी वेगळी. कुणी वेचणीनंतरही पीक उभं ठेवून फेब्रुवारीपर्यंत फरदड घेतो, कुणाच्या घरामागे पऱ्हाटीचा ढीग पडून असतो आणि त्यातल्या वाळक्या बोंडांत अळी निजलेली असते. म्हणून दोऱ्या वाटण्याआधी गावात बैठक हवी: कोण कधी लावणार, फरदड कोण काढणार, ढीग कधी हलवणार. शेजारी तयार झाला नाही, तर निदान त्याच्या बाजूच्या धुऱ्यालगतच्या ओळींत गाठी दाट बांधाव्यात आणि तिथली बोंडं दर आठवड्याला फोडून पाहावीत.